कालपर्यंत सेफ्टी, आज ड्रीम : अमेरिकेतली काही कॉलेजं अचानक का गाजू लागतात?

प्रश्न एका पालकांचा आहे. थोरल्या मुलीनं अमेरिकेत पदवीसाठी अर्ज केले तेव्हा जी कॉलेजं यादीच्या तळाशी, ‘सेफ्टी’ म्हणजे हमखास मिळतील म्हणून ठेवलेली होती, तीच आता धाकट्याच्या वर्गात प्रत्येकाला हवी आहेत. मधल्या सहा-सात वर्षांत ही कॉलेजं एवढी सुधारली का? की कुणीतरी हवा केली आणि सगळे पळत सुटले?

या अर्जांच्या हंगामात मुलांबरोबर बसणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरातून येतोच. दोन-तीन वर्षांत एखादं नाव एकदम वर आलं की तिथे कोण शिकवतं हे मी आधी बघत नाही. त्याआधीच्या पाच-सात वर्षांत त्या कॉलेजानं अर्ज करणं कुठून सोपं केलं, हे बघते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. गाजावाजा अचानक होतो, त्याची तयारी मात्र बरीच आधी, कार्यालयात बसून, आकडेमोड करून झालेली असते.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट खेळाची आहे. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी बोस्टन कॉलेजचा डग फ्लूटी यानं मायामीविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात शेवटच्या क्षणी लांबच लांब पास फेकला, तो झेलला गेला आणि बोस्टन कॉलेज ४७-४५ असं जिंकलं. देशभर टीव्हीवर ते दिसलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत अर्ज आधी १६ आणि मग १२ टक्क्यांनी वाढले, आणि ‘फ्लूटी इफेक्ट’ हा शब्द रूढ झाला. आजही कुठलं कॉलेज गाजलं की लोक आधी त्यांच्या टीमचं काय चाललंय ते विचारतात.

गंमत म्हणजे खुद्द बोस्टन कॉलेजच्याच मासिकानं पुढे या दंतकथेची उलटतपासणी केली. अर्ज एवढे वाढणं त्या कॉलेजला नवीन नव्हतं. सत्तरच्या दशकापासून त्यांनी बाजाराचा अभ्यास केला होता, माजी विद्यार्थ्यांची फळी उभारली होती, आर्थिक मदत कुणाला द्यायची हे हिशेबानं ठरवलं होतं आणि वसतिगृहं बांधली होती. पासमुळे नाव घरोघरी पोचलं हे खरं, पण दूरच्या राज्यातल्या मुलाला राहायला खोलीच नसती तर नाव ऐकून तो करणार काय?

खेळाचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी मोजलाही आहे. डेव्हिन पोप आणि जॅरेन पोप यांच्या २००९च्या अभ्यासात फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये चमकलेल्या विद्यापीठांचे अर्ज साधारण २ ते ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या डग चुंग यांनी २०१३ मध्ये मांडलेला आकडा मोठा आहे: टीम सुमार पातळीवरून अव्वल पातळीवर गेली तर १७.७ टक्के. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की हा ओढा कमी गुणांच्या अर्जदारांमध्ये जास्त असतो. सहा-सात वर्षांत निवडीचा दर, म्हणजे शंभर अर्जांमागे किती जण निवडले जातात तो आकडा, तीसवरून आठ टक्क्यांवर येतो, तो एवढ्याशा वाढीनं येत नाही.

प्रसिद्ध माणसांचंही तसंच. राजपुत्र विल्यम स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जाणार हे कळल्यावर २००१ साली तिथले अर्ज ४४ टक्क्यांनी वाढले होते. ब्राऊनमध्ये १९७९ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा दाखल झाला आणि ऐंशीच्या दशकात ते आयव्ही लीग या नामवंत विद्यापीठांच्या गटातलं सगळ्यांत ‘फॅशनेबल’ कॉलेज ठरलं. पण ब्राऊननं विषयांची सक्ती काढून टाकणारा अभ्यासक्रम १९६९ सालीच आणला होता. ठरावीक विषयांचा काच नको असलेल्या मुलांसाठी सोय दहा वर्षं तयार होती. छायाचित्रकार नंतर आले.

आता मुख्य मुद्दा. अर्ज करायला किती कष्ट पडतात?

कॉमन ॲप्लिकेशन (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून सुरू केलं, तेव्हा तो छापील फॉर्म होता. आज त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत आणि एका खात्यातून वीस कॉलेजांपर्यंत अर्ज जातात. सरासरी मूल सहाच्या वर अर्ज करतं. ज्या मुलांची आपण चर्चा करतोय ती बारा-पंधरा सहज करतात, आणि वीसचा आकडाही आता मला दचकवत नाही. एखादं कॉलेज स्वतःचा वेगळा फॉर्म सोडून या व्यवस्थेत शिरलं की पुढच्या हंगामातच अर्ज उसळतात. जास्तीचा निबंध काढून टाकला, की पुन्हा उसळतात. अर्जाची फी माफ केली, की आणखी. अठरा वर्षांचं मूल डिसेंबरच्या अखेरीस थकून बसलेलं असतं. उरलेल्या जागी कुठलं नाव टाकायचं याचा निर्णय ‘इथे वेगळा निबंध लागत नाही’ यावरही होतो. हे कुणी कबूल करत नाही, पण दरवर्षी माझ्यासमोरच घडतं.

शिकागो विद्यापीठाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथे १९४२ मध्ये स्टॅग फील्डच्या प्रेक्षक-सज्ज्याखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. तिथले अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन १९७६ साली नोबेल घेऊन आले. म्हणजे विद्वत्तेचा तुटवडा कधीच नव्हता. तरी २०००च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा अर्जदारांतल्या जवळपास चौघांना तिथे प्रवेश मिळायचा. त्यांचा स्वतःचा फॉर्म होता, निबंधाचे प्रश्न मुद्दाम चक्रम असायचे आणि ‘अनकॉमन ॲप्लिकेशन’ हे नाव ते अभिमानानं मिरवायचे. तो फॉर्म भरायला बसणारं मूल आधीच त्या कॉलेजच्या प्रेमात पडलेलं असे. मग विद्यापीठ कॉमन ॲपमध्ये गेलं, घरोघरी पत्रकं धाडू लागलं, २०१८ मध्ये एसएटी-एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक केली, आणि निवडीचा दर घसरत घसरत पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आला. चक्रम प्रश्न अजून आहेत. अर्थशास्त्राचा विभाग तेव्हाही जगात अव्वल होता, आजही आहे. बदललं ते दाराशी.

परीक्षा ऐच्छिक केल्यानं काय होतं याचा प्रयोग महासाथीनं सगळ्या देशावर एकदमच करून दाखवला. २०२०-२१ च्या हंगामात कोलगेट विद्यापीठाचे अर्ज एका वर्षात दुप्पट झाले. हार्वर्डचे सुमारे ४० हजारांवरून ५७ हजारांवर गेले, एमआयटीचे ६६ टक्क्यांनी वाढले. त्या एका वर्षात कोलगेटमध्ये नवीन काय आलं होतं? फारसं काही नाही. आधी ज्या मुलाला स्वतःचा स्कोर बघून नाव खोडावं लागायचं, त्याला आता खोडावं लागलं नाही, एवढंच. एमआयटीनं २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन त्या वाटेनं गेले. त्यामुळे २०२१ नंतरचा कुठलाही आकडा २०१९ च्या आकड्याशेजारी ठेवून ‘केवढं वाढलंय बघा’ म्हणण्यात अर्थ नाही.

पण नुसते अर्ज वाढले की दर पडतो असंही नाही, आणि इथेच लोकांचा हिशेब चुकतो. न्यू ऑर्लिन्सचं ट्युलेन घ्या. २००५ च्या कतरिना वादळानंतर त्यांना एक अख्खं सत्र बंद ठेवावं लागलं. त्यानंतर त्यांनी फी नसलेला, अर्धाअधिक भरून आलेला अर्ज घरोघरी पाठवायचा धडाका लावला. २०१० मध्ये सुमारे ४४ हजार अर्ज आले, त्या वर्षी देशातल्या कुठल्याही खासगी विद्यापीठापेक्षा जास्त. तरीही ते साधारण चारातल्या एकाला घेत होते. कारण फुकट अर्ज केलेलं मूल निवड झाली तरी येत नव्हतं.

समजा, कॉलेजला २,००० मुलं हवीत आणि अर्ज ४० हजार आलेत. निवडलेल्यांपैकी २० टक्केच येत असतील, तर १० हजारांना बोलवावं लागतं: दर २५ टक्के. निम्मे येत असतील, तर ४ हजारांनाच बोलावून भागतं: दर १० टक्के. एकही जास्तीचा अर्ज न येता दर अडीच पटीनं खाली. निवडलेल्यांतले किती प्रत्यक्ष येतात याला ‘यील्ड’ म्हणतात, आणि यील्ड वाढवायचं सगळ्यांत खात्रीचं हत्यार म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. नोव्हेंबरात अर्ज करायचा, निवड झाली तर यायचंच, बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. ट्युलेननं पुढच्या दशकात हेच हत्यार जोरात वापरलं. वर्गाचा मोठा हिस्सा अर्ली डिसिजनमधूनच भरू लागला आणि २०२२ च्या सुमारास विद्यापीठानं जाहीर केलेला दर आठ-नऊ टक्क्यांवर आला. मधल्या काळात शिक्षण सुधारलं नसेल असं मी म्हणत नाही. पण हा आकडा शिक्षणाचा नाही.

आणि तो आकडा स्वतःच जाहिरात असतो. ‘आठ टक्के’ हे ऐकल्यावर पालकांचा चेहरा बदलतो, मुलाचा स्वेटशर्ट बदलतो, आणि पुढच्या वर्षी आणखी मुलं अर्ज करतात. महागडं ते चांगलंच असणार, ही समजूत अमेरिकन कॉलेजांनी शब्दशः वापरूनही पाहिली आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या अर्सिनस कॉलेजनं २००० मध्ये फी १७.६ टक्क्यांनी वाढवून २३,४६० डॉलर केली, आणि त्याच वेळी आर्थिक मदतही जवळपास २० टक्क्यांनी वाढवली. अर्ज कमी व्हायला हवे होते, वाढले. चार वर्षांत पहिल्या वर्षाचा वर्ग ३५ टक्क्यांनी मोठा झाला. फी स्वस्त म्हणून कॉलेजविषयी शंका घेणारे पालक मला आजही भेटतात.

कॉलेजकडून येणाऱ्या त्या गोड ईमेलचंही इथेच सांगते. ‘प्रिय अमुक, तुझ्यासारख्या विद्यार्थ्यासाठी आमच्याकडे खास जागा आहे.’ परीक्षेच्या वेळी मुलानं एका चौकटीवर खूण केली, की कॉलेज बोर्ड, म्हणजे एसएटी घेणारी संस्था, त्याचं नाव कॉलेजांना विकतं; २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं दिलेला भाव नावामागे ४७ सेंट होता. ज्याला प्रवेश मिळायची शक्यता जवळपास शून्य, त्यालाही पत्र जातं, कारण त्याचा नकारही दर खाली आणायला उपयोगी पडतो. घरात ते पत्र म्हणजे आमंत्रण समजलं जातं. ते आमंत्रण नसतं.

रँकिंगविषयी लोक एवढं बोलतात की मी थोडक्यात आटोपते. ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाची कॉलेजांची क्रमवार यादी १९८३ पासून आहे. मायकेल लुका आणि जोनाथन स्मिथ यांच्या अभ्यासात क्रमवार छापलेल्या यादीत एक क्रमांक चढलं की अर्ज साधारण एका टक्क्यानं वाढतात असं दिसलं. पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त आवडतो. एकेकाळी यूएस न्यूज खालच्या गटांतली कॉलेजं क्रमानं न छापता आद्याक्षरानुसार छापत असे. शेजारी माहिती सगळी दिलेली. कुणीही बेरीज करून क्रम काढू शकला असता. त्या कॉलेजांच्या अर्जांवर त्या माहितीचा काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे लोकांना माहिती नको असते, आयता आकडा हवा असतो. तो कसा काढला हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

कॉलेजं मात्र पडतात. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड फ्रीलँड यांनी १९९६ मध्ये यूएस न्यूजच्या क्रमवारीचं सूत्रच समोर ठेवलं. तेव्हा विद्यापीठ १६२ व्या क्रमांकावर होतं. वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गांना सूत्रात जास्त गुण, म्हणून बरेच वर्ग १९ मुलांवर थांबवले. कॉमन ॲपमध्ये शिरले. वसतिगृहं बांधून, घरून ये-जा करणाऱ्यांचं कॉलेज ही ओळख पुसली. २००६ मध्ये ९८ वा क्रमांक आला, पुढे ते पहिल्या पन्नासात पोचलं. आज तिथे लाखाच्या घरात अर्ज येतात आणि निवडीचा दर एक आकडी आहे. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझं मत जरा वेगळं आहे. नॉर्थईस्टर्नची को-ऑप पद्धत, म्हणजे अभ्यासाच्या मध्येच सहा-सहा महिन्यांची खरी नोकरी, १९०९ पासून चालत आलेली आहे. ज्या घरांना फक्त प्रतिष्ठा हवी होती त्यांना ती कामगारछाप वाटायची. २००८ च्या मंदीनंतर, पदवी घेऊन नोकरी नाही अशी मुलं घराघरांत दिसू लागली आणि तीच पद्धत आकर्षण ठरली. क्रमांक बनवून चढवला असेल. पण चढल्यावर लोकांनी आत डोकावून पाहिलं तेव्हा दाखवायला काहीतरी होतं. शिवाय चांगली मुलं यायला लागली की प्राध्यापक येतात, कंपन्या येतात, देणग्या येतात. हवा म्हणून सुरू झालेलं दहा-पंधरा वर्षांत बऱ्यापैकी खरं होऊन बसतं. म्हणून ‘नुसती हवा आहे’ असं म्हणून नाव खोडणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

सरकारी विद्यापीठांची गोष्ट पैशापासून सुरू होते. राज्य सरकारांनी हात आखडता घेतला, विशेषतः २००८ नंतर, आणि बाहेरच्या राज्यातून दुप्पट-तिप्पट फी भरणारी मुलं आणणं हा अनेक विद्यापीठांचा जगायचा मार्ग झाला. अलाबामा विद्यापीठात रॉबर्ट विट २००३ मध्ये अध्यक्ष झाले ते विद्यार्थिसंख्या वाढवायची योजना घेऊनच. गुण आणि ग्रेड अमुक असतील तर अमुक शिष्यवृत्ती आपोआप, हे तक्तेच त्यांनी जाहीर केले. दूरदूरच्या राज्यांत भरती करणारी माणसं नेमली. फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन आले २००७ मध्ये, आणि त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सोरोरिटीत (विद्यार्थिनींच्या मंडळात) प्रवेशासाठी नटूनथटून निघालेल्या मुलींचे व्हिडिओ टिकटॉकवर धुमाकूळ घालत होते. दोन दशकांच्या आत विद्यार्थिसंख्या सुमारे २० हजारांवरून ३८ हजारांवर गेली, आणि पदवीच्या मुलांत निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतली. लोकांना टिकटॉक आठवतं, सेबन आठवतात. तो शिष्यवृत्तीचा तक्ता कुणाला आठवत नाही, आणि माझ्या मते घराघरांत निर्णय त्यानंच फिरवला.

दक्षिणेकडचा हा ओढा एका विद्यापीठापुरता राहिलेला नाही. वॉल स्ट्रीट जर्नलच्या विश्लेषणानुसार उत्तरेतून दक्षिणेच्या सरकारी विद्यापीठांत जाणारी मुलं २०१८ ते २०२२ मध्ये सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. महासाथीत तिथली कॅम्पस लवकर उघडली, हवा उबदार, खर्च कमी, सामन्यांचा जल्लोष. पण आणखी एक कारण आहे. उत्तरेतल्या ज्या मुलाला दहा वर्षांपूर्वी मिशिगन किंवा विस्कॉन्सिन सहज मिळालं असतं, त्याला आता मिळत नाही. तो खालच्या पायरीवर येतो, तिथल्याला आणखी खाली ढकलतो. एका कॉलेजातून नाकारलेल्यांची संख्या हीच पुढच्या कॉलेजची मागणी होते. उद्या कुठलं कॉलेज गाजेल हे ओळखायचं असेल तर आज गाजणारं कॉलेज कुणाला नाकारतंय आणि ती मुलं शेवटी कुठे जातायत, हे बघा. तीन-चार वर्षांत तेच नाव ऐकू येतं.

शाळेच्या आतलं चित्र याहून छोटं आणि जास्त वेगवान असतं. पुष्कळ शाळांत नेव्हियन्ससारखी प्रणाली असते. तिच्यात त्याच शाळेतल्या आधीच्या मुलांचे ग्रेड, स्कोर आणि निकाल ठिपक्यांनी दिसतात: हिरवा म्हणजे निवड, लाल म्हणजे नकार. एखाद्या वर्षी दोन मुलांना एखादं अनोळखी कॉलेज मिळालं, तिथून खूश होऊन सुटीत घरी आली, की पुढच्या वर्षी डझनभर अर्ज जातात. हिरवे ठिपके बघून काउन्सेलरही ते नाव ‘टार्गेट’, म्हणजे मिळण्यासारखं, म्हणून सुचवायला लागतो. दोन हंगामांत तिथून लाल ठिपक्यांचा पाऊस पडतो, कारण एका शाळेतून किती मुलं घ्यायची याला कॉलेजचीही मर्यादा असते. तुमच्या धाकट्याच्या वर्गात जे चाललंय त्याचा अर्धा भाग देशातला नसून त्या शाळेतला असू शकतो. शेजारच्या गावातल्या शाळेत वेगळंच नाव चालू असेल.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी दारं वेगळी आहेत, म्हणून त्यांची फॅशनही वेगळी. पदवीनंतर सगळ्यांना बारा महिने काम करायची मुभा मिळते, पण ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गणल्या गेलेल्या विषयाला २०१६ च्या नियमानं आणखी चोवीस महिने मिळतात. हे कळल्यावर कितीतरी अर्थशास्त्र विभागांनी आपल्या पदवीचं सरकारी वर्गीकरण बदलून ४५.०६०३, म्हणजे ‘इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’, करून घेतलं. बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमात फारसा फरक नसतो, फरक त्या सहा आकड्यांचा असतो, आणि परदेशी मुलांचे गट ते आकडे तोंडपाठ ठेवतात. तसंच मदतीचं. बोडन आणि डार्टमथ यांनी २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीही ‘नीड-ब्लाइंड’ धोरण जाहीर केलं, म्हणजे निवड करताना कुटुंबाची ऐपत बघायची नाही. बोडन आहे त्या मेन राज्याचं नाव ज्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं तिथे बोडनची चौकशी सुरू झाली. यात मला काही वावगं दिसत नाही. ही फॅशन डोळस आहे.

लाट ओसरतेही. लुका, रूनी आणि स्मिथ यांनी कॅम्पसवरच्या गैरप्रकारांचा अभ्यास केला, त्यात मोठ्या नियतकालिकात सविस्तर लेख आलेल्या प्रकरणानंतर पुढच्या वर्षी अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटलेले दिसले. पण आकड्यांची लबाडी लोक लवकर माफ करतात. कोलंबियाच्याच गणिताच्या प्राध्यापकानं, मायकेल थॅडियस यांनी, २०२२ मध्ये विद्यापीठानं रँकिंगसाठी दिलेले आकडे चुकीचे असल्याचं दाखवलं. कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. अर्जांचा ओघ काही आटला नाही.

लाटेचा खरा त्रास होतो तो आत गेलेल्या मुलांना. किती जण येतील याचा अंदाज मागच्या वर्षांवरून बांधतात, आणि कॉलेज वेगानं चढत असताना तो अंदाज हमखास चुकतो. २०१७ मध्ये यूसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) अर्व्हाइननं जास्त मुलं आल्यावर सुमारे ५०० जणांचे प्रवेश सत्र सुरू व्हायच्या दोन महिने आधी रद्द केले होते. गदारोळ झाल्यावर निर्णय फिरवावा लागला. २०१९ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये अपेक्षेपेक्षा हजाराच्या आसपास जास्त मुलं आली, हॉटेलात सोय करावी लागली, एक वर्ष थांबणाऱ्यांना पैसे देऊ केले गेले. नवं गाजलेलं कॉलेज म्हणजे दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा नाही, हवा तो विषय भरलेला, आणि संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्गाला सभागृह. ब्रोशरमधला १९ मुलांचा वर्ग तुमच्या मुलाच्या वाट्याला येईलच असं नाही.

तर धाकट्याच्या यादीचं काय? कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं टाकून शोधा. बहुतेक कॉलेजं हा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि तो सगळीकडे एकाच साच्यात असतो. मुलगी गेली त्या वर्षीचा आणि आत्ताचा, असे दोन शेजारी उघडा. सी-१ मध्ये अर्ज, निवड आणि प्रत्यक्ष प्रवेश असतात: अर्ज तिप्पट झालेत आणि वर्ग तेवढाच आहे का, ते कळेल. सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे आकडे वेगळे असतात. ते एकूणातून वजा केलेत की नियमित फेरीतला खरा दर निघतो, आणि तो कधी कधी जाहीर आकड्याच्या निम्मा असतो. सी-७ मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते असतं. तिथे ‘आवड दाखवली का’ याला महत्त्व दिलेलं असेल तर कॅम्पस बघायला जाणं किंवा निदान ऑनलाइन माहिती-सत्राला नोंदणी करून बसणं चुकवू नका. एच-२ए मध्ये गरज नसलेल्यांनाही किती पैसे देतात ते दिसतं. हा आकडा मोठा असेल तर कॉलेजला अजून मुलं ओढून आणावी लागतायत, आणि तुम्हाला घासाघीस करायला वाव आहे. बी-२२ म्हणजे पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली. अर्ज तिप्पट झाले तरी हा आकडा जागचा हलला नसेल, तर मुलांना आत वाटणारं समाधान होतं तेवढंच आहे. आणि आय-३ मध्ये वर्गांचे आकार: १९ वर थांबणारे वर्ग किती हे बघा, पण शंभरच्या वरचे किती, तेही बघा.

तक्त्यात न सापडणारे दोन प्रश्न प्रवेश कार्यालयाला ईमेलनं विचारा आणि उत्तर लेखी मागा: दुसऱ्या वर्षी वसतिगृहाची हमी आहे का, आणि प्रवेशानंतर विषय बदलून संगणकशास्त्र किंवा बिझनेसला जाता येतं का. गाजलेल्या कॉलेजांत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी बदललं आहे. मुलीच्या वेळचं उत्तर गृहीत धरू नका.